रॉकेट वर जाता जाता आडवं का होतं, आणि चांद्रयान-३ ला चंद्र गाठायला बावीस दिवस का लागले?

झिरोमाईल_नागपूर

नमस्कार मंडळी. नववी-दहावीच्या मुलांसाठी विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता मांडायचा आहे: यान कक्षेत जातं कसं आणि तिथे गेल्यावर फिरतं कसं. मुलं हमखास विचारतात ते असं. वर जायचं आहे तर रॉकेट मिनिटभरात तिरपं का होतं? अपोलोवाले तीन दिवसांत चंद्रापाशी पोचले, मग आपलं यान पृथ्वीभोवतीच चकरा का मारत बसलं? दोन यानं अवकाशात जोडण्याच्या इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत मागच्या यानाने पुढच्याला गाठायला वेग कमी केला म्हणतात, ते कसं? आणि आपल्या विदर्भातल्या मुलांचा ठरलेला प्रश्न म्हणजे २ एप्रिल २०२२ ला सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत पडलेली ती रॉकेटची धातूची कडी. रॉकेट वर गेलं होतं, मग वर्षभराने खाली कसं आलं?

आकडे अचूक हवेत. "अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं" हे वाक्य तक्त्यावर चालणार नाही, एवढं मलाही माहीत आहे.

उपभू_२००

झिरोमाईल दादा, चारही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तक्त्याच्या मधोमध हे मोठ्या अक्षरात लिहा: *इंजिन जिथे पेटतं तिथली उंची बदलत नाही, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची बदलते.* हे एकदा पटलं की बाकी सगळं त्यातून निघतं.

आधी रॉकेट आडवं होण्याचं बघू. ४०० किमी उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या ८८-८९ टक्के असतं, म्हणजे सुमारे ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. यान तिथेही सतत पडतच असतं. पहिल्या सेकंदात ४.३ मीटर पडतं. पण त्याच सेकंदात ते ७.६७ किमी आडवं सरकलेलं असतं, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाई नेमकी ४.३ मीटर खाली वळते. त्यामुळे पडूनही जमिनीपासूनचं अंतर तेवढंच राहतं. कक्षा म्हणतात ती हीच. ७.६७ किमी प्रति सेकंद म्हणजे किती, तर नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्गाची ७०१ किमी लांबी दीड मिनिटात पार.

आता ऊर्जेचा हिशोब मांडा. हवा बाजूला ठेवली तर एखादी वस्तू नुसती ४०० किमी वर फेकायला सुमारे २.७ किमी प्रति सेकंद वेग पुरतो. तिथे टिकून राहायला ७.६७ लागतो. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणून उंचीला एक भाग खर्च आला तर टिकण्याला आठ भाग. रॉकेटचं मुख्य काम आडवं धावण्याचं आहे. सुरुवातीला ते उभं जातं ते दाट हवेतून लवकर बाहेर पडावं म्हणून.

वळतानाही काळजी असते. ४४ मीटर उंच, ३२० टनांचा पीएसएलव्ही (इस्रोचं रॉकेट) हवेत एकदम कलला तर बाजूने येणारा हवेचा दाब त्याला मोडून टाकेल. म्हणून उड्डाणानंतर काही सेकंदांत अगदी थोडा कल देतात, आणि पुढचं वळण गुरुत्वाकर्षणाकडूनच करून घेतात. नाक कायम प्रवासाच्या दिशेला, हवा कायम समोरून. साधारण ११५ किमीच्या पुढे हवेचा त्रास उरत नाही. तिथे उपग्रहावरचं उष्णताकवच टाकून देतात, कारण तिथून पुढे तो नुसता बोजा असतो. हा बोजा किती महागात पडतो ते ३१ ऑगस्ट २०१७ ला दिसलं. पीएसएलव्ही-सी३९ चं कवच उघडलंच नाही, सुमारे एक टन जास्तीचं वजन शेवटपर्यंत सोबत गेलं, आणि २०,६५० किमीवर जायला हवा होता तो कक्षेचा दूरचा बिंदू साडेसहा हजारांच्या आसपास अडकला. उपग्रह कवचाच्या आतच राहिला.

शेवटची पायरी महत्त्वाची. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा विझल्यावर रॉकेट इंजिन बंद ठेवून काही मिनिटं तसंच वर तरंगत जातं. मार्गाच्या माथ्याजवळ पोचलं की चौथा टप्पा आडवा जोर लावतो. माथ्यावर वेग वाढवला की पलीकडची, म्हणजे पृथ्वीत घुसणारी बाजू वर उचलली जाते आणि कक्षा गोल होते. हे ज्वलन अपुरं पडलं तर काय होतं? ७ ऑगस्ट २०२२ चं इस्रोच्या लहान रॉकेटचं, एसएसएलव्हीचं, पहिलं उड्डाण. ३५६ किमीची गोल कक्षा हवी होती, मिळाली ३५६ × ७६. एका बाजूची उंची बरोबर, दुसरी बाजू थेट हवेत. हिशोब करून बघा: ३५६ किमीवर गोल कक्षेला ७.६९ किमी प्रति सेकंद लागतात. ३५६ × ७६ च्या कक्षेत त्याच बिंदूवर वेग ७.६१ येतो. फरक जेमतेम एक टक्का. तेवढ्याने दोन्ही उपग्रह गेले, त्यातला एक देशभरातल्या शाळकरी मुलींनी घडवलेला आझादीसॅट. मूळ कारण इंजिनात नव्हतंच. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारी उपकरणं) थोडा वेळ आपल्या मर्यादेबाहेर गेले, संगणकाने ते बिघडले असं धरलं आणि आणीबाणीच्या मार्गाने पुढचं उड्डाण चालवलं.

टाकी_आणि_व्हॉल्व्ह

वरचं उत्तर चांगलं आहे. एक भर घालतो: "पलीकडची बाजू बदलते" हे तंतोतंत खरं ठरतं ते झटक्यात दिलेल्या जोरासाठी. खरं इंजिन मिनिटामिनिटांनी चालतं, आणि चांद्रयानाच्या बावीस दिवसांचं उत्तर याच फरकात आहे.

१४ जुलै २०२३ ला एलव्हीएम-३ रॉकेटने ३,९०० किलोचं यान साधारण १७० × ३६,५०० किमीच्या लांबट कक्षेत सोडलं. पृथ्वीच्या सगळ्यात जवळचा बिंदू म्हणजे उपभू, सगळ्यात लांबचा तो अपभू. यानाकडे मुख्य इंजिन होतं ४४० न्यूटनचं. म्हणजे जमिनीवर जेमतेम ४५ किलोचं पोतं तोलेल एवढा जोर, आणि ढकलायचं आहे ३,९०० किलो. त्वरण येतं ०.११ मीटर प्रति सेकंद वर्ग. चंद्राकडे निघायला उपभूपाशी वेग एकूण ६५० मीटर प्रति सेकंदांच्या आसपास वाढवायचा होता. एका दमात करायचं तर इंजिन जवळपास दीड तास चालवावं लागलं असतं. उपभूपाशी यान सेकंदाला दहा किमीहून जास्त धावतं. अर्ध्या तासातच ते उपभूपासून हजारो किमी लांब आणि वर गेलेलं असतं. तिथे जाळलेलं इंधन निम्मंशिम्मं वाया. इंधनाचा पुरेपूर मोबदला मिळतो तो यान सर्वात वेगात असताना, म्हणजे उपभूच्या अल्याड-पल्याड.

म्हणून हप्ते पाडले. दर वेळी उपभूपाशी आल्यावर काही मिनिटं इंजिन, मग पूर्ण फेरी शांत. १८ जुलैला अपभू ५१,४०० किमी, २० जुलैला ७१,३५१, २५ जुलैला १,२७,६०३ आणि १ ऑगस्टला ३,६९,३२८. सगळा वेळ उपभू मात्र सव्वादोनशे ते तीनशे किमीच्या दरम्यानच. उपभू_२०० यांनी लिहिलेला नियम इथे डोळ्यांनी दिसतो.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. ७१,३५१ वरून १,२७,६०३ वर जायला माझ्या हिशोबाने उपभूपाशी सुमारे १७५ मीटर प्रति सेकंद वाढवावे लागतात. अपभू ५६ हजार किमी वर सरकतो. पुढच्या खेपेला जवळजवळ तेवढेच वाढवले की अपभू दोन लाख चाळीस हजार किमीने उडी घेतो. मुक्तिवेग (पृथ्वीच्या ओढीतून सुटण्याचा वेग) जवळ येतो तसा प्रत्येक जास्तीचा मीटर लंबगोलाला आधीपेक्षा जास्त ताणतो. म्हणूनच शेवटच्या ज्वलनात चूक चालत नाही. दोन-तीन मीटर प्रति सेकंदाची चूक चंद्रापाशी हजारो किमींची होते.

अपोलोला तीन दिवस लागले, कारण त्यांचं सॅटर्न-५ रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे २,९०० टनांचं होतं आणि त्याचा ताकदवान तिसरा टप्पाच त्यांना चंद्राच्या वाटेला लावत होता. एलव्हीएम-३ आहे ६४० टनांचं. रॉकेट लहान असलं की उरलेलं काम यानाने करायचं, आणि यान ते हळूहळू करतं.

हप्त्यांचा दुसरा फायदा मंगळयानाने दाखवला. ११ नोव्हेंबर २०१३ ला चौथ्या खेपेला अपभू एक लाख किमीवर न्यायचा होता, गेला ७८,२७६ पर्यंतच. इंधन सोडणाऱ्या झडपेला दोन वेटोळी असतात, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्ही एकाच वेळी चालवून बघितली तेव्हा इंजिनाकडे जाणारा प्रवाहच थांबला. वेगवेगळी चालवल्यावर दोन्ही ठीक होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पुरवणी ज्वलन करून अपभू १,१८,६४२ वर नेला. सगळं एकाच ज्वलनावर अवलंबून असतं तर दुसरी संधी मिळाली नसती.

झडपेचा विषय निघाला म्हणून सांगतो, कक्षेत इंजिन पुन्हा पेटवणं हे गाडीला किल्ली मारण्याइतकं सोपं नाही. वजनरहित अवस्थेत टाकीतलं द्रव तळाशी बसत नाही, गोळे होऊन तरंगतं. नळीत द्रवाऐवजी वायू शिरला तर ज्वलन अडखळतं. म्हणून उपग्रहाच्या टाकीत आतून पातळ धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. पृष्ठताणामुळे द्रव त्यांना चिकटून नळीच्या तोंडापर्यंत येतं. मागून हेलियमचा दाब ढकलतो. इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारं रसायन) अशा जातीचे निवडतात की भेटताक्षणी आपोआप पेट घेतात, ठिणगी लागतच नाही. पण दोन्ही भेटले पाहिजेत. जानेवारी २०२५ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०२ या दिशादर्शन उपग्रहाचं तेच झालं: ऑक्सिडायझर आत सोडणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि उपग्रह रॉकेटने सोडलेल्या लांबट कक्षेतच राहिला. रॉकेट निर्दोष, उपग्रह निर्दोष, झडप बंद. माझ्या मते कक्षेतली निम्मी दुखणी झडपांचीच असतात, आणि मुलांना हे सांगायला हवं, कारण त्यांना वाटतं सगळं यश-अपयश मोठ्या ज्वाळेवरच ठरतं.

झिरोमाईल_नागपूर

फार छान. ४५ किलोचं पोतं तक्त्यावर काढणारच. एका मुलाने विचारलेला प्रश्न राहिला: देशाचा झिरो माईल आपल्याकडे, हवा कोरडी, मग रॉकेट नागपूरहून का नाही सोडत? आणि स्पेडेक्स, कडी बाकी आहे.

उपभू_२००

प्रश्न रास्त आहे. पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते, तो वेग रॉकेटला फुकट मिळतो. विषुववृत्तावर सेकंदाला ४६५ मीटर, श्रीहरिकोट्याला सुमारे ४५२, नागपूरला ४३४. फक्त १८ मीटरचा फरक, तो काही आडवा येत नाही. आडवं येतं ते हे की रिकामे टप्पे कुठे तरी पडतात. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला बंगालचा उपसागर आहे. नागपूरच्या पूर्वेला भंडारा, गोंदिया आणि पुढे अख्खं छत्तीसगड. दक्षिणेकडे जाताना तर श्रीहरिकोट्यालाही अडचण होते. ध्रुवीय कक्षेसाठी श्रीलंका टाळायला रॉकेट आधी आग्नेयेला जाऊन मग वळतं, आणि त्या वळणात इंधन जातं. लहान रॉकेटला ते परवडत नाही, म्हणून एसएसएलव्हीसाठी तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला नवा तळ होतो आहे.

कक्षेत पोचल्यावर दिशा बदलणं तर याहून महाग. ४०० किमीवर कक्षेचं प्रतल नुसतं १० अंशांनी फिरवायचं तर १.३४ किमी प्रति सेकंद लागतात. चांद्रयानाला चंद्राकडे निघायला लागला त्याच्या दुपटीहून जास्त.

रॉकेटमध्ये नागपूरचा हात मात्र आहे, हे मुलांना सांगा. स्कायरूट या खाजगी कंपनीच्या विक्रम-१ रॉकेटसाठीचा घन इंधनाचा कलाम-१०० टप्पा मे २०२२ मध्ये इथल्याच सोलार इंडस्ट्रीजच्या आवारात पेटवून तपासला होता.

अंबाझरी_काठ

स्पेडेक्सचं मी सांगते. ३० डिसेंबर २०२४ ला २२०-२२० किलोची दोन यानं ४७५ किमीच्या कक्षेत सोडली. समजा मागचं यान त्याच कक्षेत वीस किमी मागे आहे. त्याने पुढे जोर लावला तर पलीकडची बाजू उचलली जाते, कक्षा मोठी होते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि यान आणखी मागे पडतं. उलट एक मीटर प्रति सेकंदाने वेग कमी केला तर पलीकडची बाजू ३.६ किमी खाली जाते, ९४ मिनिटांची फेरी सव्वादोन सेकंदांनी लवकर संपते, आणि तेवढ्यात यान सुमारे १७ किमी पुढे सरकलेलं असतं. एकाच फेरीत! अंतर भरून निघालं की कमी केलेला एक मीटर परत द्यायचा, नाहीतर पुढच्या फेरीत ते भेटीच्या जागेपलीकडे निघून जाईल. गती सांभाळून, अशा छोट्या छोट्या खेपांनीच जवळ जायचं.

हा नियम लांबवर लागतो. शेवटच्या काही मीटरमध्ये मात्र वेळ इतका कमी असतो की कक्षेचा परिणाम फार जाणवत नाही. तिथे थ्रस्टर म्हणजे छोटी इंजिनं फुंकत सरळ जाता येतं. मधल्या टप्प्यात सगळ्यात जास्त जपावं लागतं. म्हणून थांबे ठेवले होते: ५ किमी, दीड किमी, ५०० मीटर, २२५, १५ आणि ३ मीटर. प्रत्येक थांब्यावर संवेदक तपासायचे, मगच पुढे. ८ जानेवारीला २२५ मीटरकडे जाताना, जमिनीवरून यानं दिसत नव्हती त्या काळात, ती अपेक्षेपेक्षा जास्त सरकली. ९ तारखेची जोडणी पुढे ढकलली. १२ तारखेला १५ आणि मग ३ मीटरपर्यंत नेऊन मुद्दाम परत मागे घेतली, माहिती तपासली, आणि १६ जानेवारी २०२५ ला जोडणी झाली. ४५० मिलिमीटर व्यासाची दोन तोंडं सेकंदाला साधारण दहा मिलिमीटर वेगाने एकमेकांना टेकवायची. जमिनीच्या हिशोबाने दोघं सेकंदाला साडेसात किमी पळत असताना!

आता लाडबोरीची कडी. सुमारे तीन मीटर व्यासाची होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या लाँग मार्च-३बी या चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा तो भाग असल्याचं अभ्यासकांनी कक्षेवरून ताडलं. असे टप्पे उपग्रहाला लांबट कक्षेत सोडून स्वतःही त्याच कक्षेत राहतात. उपभू दोनशे किमीच्या आसपास आणि तिथे हवा विरळ असली तरी असते. दर फेरीला उपभूपाशी थोडा ब्रेक लागतो. ब्रेक लागला उपभूला, म्हणून खाली येतो अपभू, पुन्हा तोच नियम. महिनोन्‌महिने हजारो किमींवरून अपभू उतरत राहतो, शेवटी कक्षा गोल आणि बुटकी होते, आणि मग काही फेऱ्यांत संपते.

ती कुठे पडणार हे आधी का सांगता येत नाही, हेही लिहा. सूर्याच्या कमी-जास्त तापण्याने वरची हवा फुगते-आकसते, आणि टप्पा गोते खात असल्याने हवेचा अडथळाही बदलत राहतो. वेळेत एका मिनिटाची चूक म्हणजे जागेत ४६० किमीची, चंद्रपूर की थेट आंध्रचा किनारा एवढा फरक. बराचसा भाग जळून जातो. जाड कड्या आणि दाबाच्या गोल टाक्या उरतात. अशी टाकी शेतात सापडली तर हात लावू नये, लहान मुलांना लांब ठेवावं, पोलीस पाटलांना कळवावं. आत हायड्राझिन या इंधनाचा अंश राहू शकतो आणि तो विषारी असतो.

टाकी_आणि_व्हॉल्व्ह

तक्त्यासोबत एक फळीही ठेवा, मुलांना हाताने काढू द्या. प्रमाण धरा १ सेमी म्हणजे २,००० किमी. पृथ्वीचा व्यास येतो ६.४ सेमी, म्हणजे आपलं मध्यम आकाराचं संत्रं. ४०० किमीवरचं अवकाश स्थानक त्या संत्र्यापासून २ मिलिमीटरवर फिरतं, जेमतेम सालीच्या जाडीएवढं. चंद्र १ मीटर ९२ सेमीवर.

आता २० जुलैची चांद्रयानाची कक्षा, २३३ × ७१,३५१. फळीवर ६.४ सेमी व्यासाचं वर्तुळ काढून मधोमध एक खिळा. दुसरा खिळा ३५.६ सेमीवर. दोऱ्याची बंद फास करा, गाठीनंतर पूर्ण लांबी ७७.७ सेमी यायला हवी. फास दोन्ही खिळ्यांभोवती टाकून पेन्सिलने ताणत फिरवली की ४२ सेमी लांब, जवळपास २३ सेमी रुंद लंबगोल निघेल. २५ जुलैच्या कक्षेसाठी पहिला खिळा तसाच ठेवून दुसरा ६३.७ सेमीवर न्या आणि फास १३४ सेमीची करा. लांबचं टोक भरपूर पुढे जाईल, जवळचं हलणार नाही.

दोरा सुती घेऊ नका, तो ताणतो. मासेमारीची नायलॉनची तार बरी. आणि गाठ मारल्यावर लांबी पुन्हा मोजा, कारण उपभूपाशी पेन्सिल संत्र्याच्या कडेपासून फक्त एक-सव्वा मिलिमीटरवरून जाते. फास तीन मिलिमीटर जरी आखूड झाली तरी पेन्सिल पृथ्वीच्या आत शिरते. तसं झालं तर ती फळी फेकू नका, बाजूला एसएसएलव्हीचं नाव लिहून तीही मांडा.